न तपासता 'मूळव्याध' म्हणू नका : महाराष्ट्रातल्या फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रात गावोगावी दवाखाना चालवणारे सर्व फॅमिली डॉक्टर

सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. तुमच्याकडे एकच गोष्ट मागायला हे पत्र लिहिते आहे. शौचावाटे रक्त पडतं अशी तक्रार घेऊन कुणी तुमच्यासमोर बसलं, तर त्याला टेबलावर झोपवा, हातमोजा चढवा आणि गुदद्वारातून बोट घालून तपासा. तोवर 'मूळव्याध' हा शब्द तोंडातून काढू नका.

हे तुम्हाला सांगणारी मी कोण, असं वाटेल. तुम्ही एमबीबीएस असा, बीएएमएस असा की बीएचएमएस, ही तपासणी तुम्ही शिकला आहात, परीक्षेत लिहिली आहे, इंटर्नशिपमध्ये केलीही असेल. मी नवं काहीच सांगत नाही. आमच्या घरात ही तपासणी होऊन आतड्याचा कॅन्सर सापडायला अकरा महिने लागले. ते दुसऱ्या कुणाच्या घरात पहिल्या दिवशी व्हावं, एवढीच इच्छा आहे.

माझ्या पतींचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाणी उपसायच्या मोटारी जळाल्या की पंचक्रोशीतले शेतकरी त्यांच्याकडे येतात. दिवसभर पाटावर मांडी घालून तांब्याची तार गुंडाळायची, असं बसून काम. २०२१च्या गणपतीत त्यांनी मला सांगितलं की शौचाला रक्त पडतंय. किती दिवसांपासून, विचारलं तर गप्प. आमच्या जुन्या संडासात दिवसासुद्धा उजेड नसे. त्या उन्हाळ्यात पांढरं भांडं आणि पांढऱ्या टाइल्स बसवल्या, तेव्हा त्यांना ते दिसलं. आधी पडत नव्हतं की दिसत नव्हतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. दिसल्यावरही बायकोला सांगायला त्यांना तीन महिने लागले. वीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांपासून काही लपवलं नव्हतं, पण ही जागाच अशी आहे की माणूस तिच्याबद्दल बोलत नाही.

तुमच्याकडे येणारा माणूस एवढा मोठा उंबरठा ओलांडून आलेला असतो, हे आधी लक्षात घ्या.

आमचे डॉक्टर चांगले आहेत, हे मला स्पष्ट लिहायचं आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आजूबाजूचे दवाखाने बंद होते, तेव्हा यांचं दार उघडं होतं. माझ्या सासूबाईंना रात्री दोनला दम लागला, तेव्हा ते स्वतःच्या गाडीतून सिलिंडर घेऊन आले. अशा माणसाच्या हातून हे झालं, म्हणूनच पत्र लिहावंसं वाटलं. निष्काळजी माणसाला पत्र लिहून काय उपयोग?

त्या दिवशी दवाखान्यात पंचवीस-तीस माणसं बसली होती. यांनी आवाज खाली घेऊन तक्रार सांगितली. डॉक्टर म्हणाले, "बसून काम, त्यात तिखट खाणं. उष्णता वाढलीय. मूळव्याध आहे." मलम, इसबगोल, पाच दिवसांच्या गोळ्या. घरी आल्यावर आम्ही आमची भर घातली : सुरणाची भाजी, ताक, रात्री सब्जा, मिरची बंद. तीन आठवड्यांत रक्त थांबलं आणि आम्ही निर्धास्त झालो. कॅन्सरच्या गाठीतलं रक्तही असंच येतं-थांबतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. औषधाचा गुण आला, असंच वाटलं.

डिसेंबरात रक्त पुन्हा सुरू झालं. पुन्हा मलम. जानेवारीत आव पडू लागली, पोट साफ झाल्यासारखं वाटेना, जाऊन आले की दहा मिनिटांत पुन्हा जावंसं वाटे. जंतांची गोळी झाली, आवेच्या गोळ्यांचा कोर्स झाला. मार्चमध्ये पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. एप्रिलमध्ये रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.६. त्यावर लोहाच्या गोळ्या. त्या गोळ्यांनी शौच काळं होतं, त्यामुळे रक्त पाहायची सोयही गेली. मे महिन्यात आम्ही शेजारच्या शहरात मूळव्याधीच्या दवाखान्यात गेलो. एसटी स्टँडच्या भिंतींवर 'विना ऑपरेशन खात्रीशीर इलाज' असं लिहिलेलं असतं, तसल्याच एका ठिकाणी. तिथे बाहेरून पाहिलं. मोड होता. खरंच होता. म्हणजे निदान खोटं नव्हतं, अर्धं होतं. मूळव्याध सापडली म्हणून शोध थांबला. मोड आणि गाठ एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी स्वतः हट्ट धरला असता.

२०२२च्या नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात आमचे डॉक्टर गावाला गेले होते. दवाखान्यात त्यांच्याऐवजी एक तरुण डॉक्टरीणबाई बसल्या होत्या, नुकतीच इंटर्नशिप संपवलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, पडद्यामागे चला. डाव्या कुशीवर झोपा, गुडघे पोटाशी घ्या." हे मागे सरले. बाई म्हणाल्या, "एक मिनिट लागेल. थोडं विचित्र वाटेल, दुखणार नाही." खरंच एक मिनिट लागलं. हातमोजा बाहेर आला तो रक्ताळलेला होता. त्यांनी हात धुतले, मला आत बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, "आत कडक गाठ हाताला लागतेय. आजच पुढे जा, मी चिठ्ठी देते."

तोच दवाखाना, तेच टेबल, तोच पडदा. हातमोज्यांचा खोका त्या टेबलाखाली अकरा महिने होता.

गाठ गुदद्वाराच्या कडेपासून ६ सेंटीमीटरवर होती. त्यांचं वय ४६. पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण एका मिनिटाच्या बदल्यात काय पडलं हे मोजता यावं म्हणून लिहिते. आतड्याची दुर्बीण (कोलोनोस्कोपी), तुकडा काढून तपासणी, एमआरआय, सीटी. पुण्यात नणंदेकडे राहून सोमवार ते शुक्रवार असे पाच आठवडे, एकूण २५ शेक, म्हणजे रेडिएशन, सोबत केमोच्या गोळ्या. मग थांबणं. जानेवारीत ऑपरेशन. काढलेल्या १४ लसीका ग्रंथींपैकी दोघींत आजार सापडला, म्हणजे तिसरी पायरी. पोटावर तात्पुरती पिशवी. सलाइनमधून केमोची सहा आवर्तनं. त्या औषधाने थंडी सोसत नाही. थंड पाण्याचा तांब्या हातात घेतला की बोटांत विजेसारख्या मुंग्या यायच्या. ज्या माणसाचं पोट तार गुंडाळण्यावर चालतं, त्याच्या बोटांची संवेदना गेली. अजून पूर्ण आलेली नाही. आता तारेचं बारीक काम हाताखालचा मुलगा करतो. पिशवी २०२३च्या सप्टेंबरात निघाली. ऑपरेशन आणि शेक महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसले, त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. दुर्बीण, एमआरआय, पुण्यातली राहणी, बंद दुकान हे आमच्या पदरचं. हे आज आमच्यात आहेत, दर सहा महिन्यांनी तपासणीला जातात. दिवसातून सहा-सात वेळा संडासला जावं लागतं, त्यामुळे लांबच्या एसटी प्रवासाची त्यांना अजून भीती वाटते.

आता धाकट्या भाऊजींचं सांगते, कारण या पत्राचा खरा जीव त्यात आहे.

यांच्या सर्जननी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, सख्खे भाऊ-बहीण किती? मग समजावलं की आई-वडील, भाऊ-बहीण किंवा मूल यांपैकी कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर इतरांनी वयाच्या चाळिशीत, किंवा रुग्णाला ज्या वयात आजार निघाला त्याच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा दुर्बीण करून घ्यावी. हे ४६चे, म्हणजे भावांनी ३६पासून. भाऊजी तेव्हा ४१चे होते. त्यांना काही म्हणजे काही त्रास नव्हता. रोज पहाटे तालमीत जाणारा माणूस. "मला काय झालंय?" म्हणून दोन महिने टाळत राहिले. शेवटी भावाची पिशवी बदलायला एकदा मदत केली आणि त्यानंतर स्वतःच म्हणाले, तारीख घ्या.

आदल्या दिवशी मऊ भात, दूध बंद, मग संध्याकाळपासून ते पावडरीचं पाणी. दोन लिटर. चव खारट-गोड, पिववत नाही, पण पिता येतं. रात्रभर पोट धुऊन निघतं. सकाळी झोपेचं इंजेक्शन दिलं आणि तपासणी पाऊण तासात आटोपली. डाव्या बाजूच्या आतड्यात देठ असलेला एक पॉलिप होता, भुईछत्रासारखा, १८ मिलिमीटरचा. डॉक्टरांनी तारेचा फास देठाभोवती आवळून तो तिथेच काढला. दुपारी भाऊजी रिक्षाने घरी आले आणि खिचडी खाऊन झोपले. आठवड्याने रिपोर्ट आला : अॅडेनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणारा पॉलिप, त्यातल्या पेशी पुष्कळ बिघडलेल्या, पण कॅन्सर झालेला नाही. पुढची दुर्बीण तीन वर्षांनी.

एकाच आईची दोन लेकरं. एकाला २५ शेक, ऑपरेशन, पिशवी, सहा केमो. दुसऱ्याला एक सकाळ आणि दोन लिटर बेचव पाणी.

मी विज्ञान शिकवते, त्यामुळे तो रिपोर्ट हातात आल्यावर मला वाचल्याशिवाय राहवलं नाही. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेला मांसल उंचवटा. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. पण मोठ्या आतड्याचे बहुतेक कॅन्सर कधीकाळी पॉलिपच असतात. एका पेशीच्या जनुकांत एकामागून एक बिघाड साचत जातात आणि अॅडेनोमाचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं, काही वेळा त्याहून जास्त लागतात. दहा वर्षं! इतका वेळ देणारे कॅन्सर फार थोडे आहेत. न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या या जपानी सर्जनने १९६९ साली दुर्बिणीतून तारेचा फास नेऊन पॉलिप काढायला सुरुवात केली. त्याआधी यासाठी पोट उघडावं लागे. पुढे १९९३ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचे अॅडेनोमा दुर्बिणीतून काढले होते, अशा चौदाशेवर लोकांमध्ये नंतरच्या वर्षांत मोठ्या आतड्याचा कॅन्सर अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्क्यांनी कमी आढळला. म्हणजे इथे तपासणीचं काम कॅन्सर लवकर पकडण्यावर संपत नाही. तो होण्याआधीच त्याचं मूळ खुडता येतं. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्याकडे तो पॉलिप कधी होता? यांच्या तिशीत? लेक बालवाडीत होती तेव्हा?

तुमच्यापैकी काही जण मनात म्हणत असतील, बाई, शौचाला रक्त पडणाऱ्या शंभरातल्या बहुतेकांना मूळव्याध किंवा गुदद्वाराची चीर, म्हणजे फिशरच असतं, आम्ही रोज पाहतो. मान्य आहे. पण ते बहुतेक कोण आणि उरलेले कोण, हे खुर्चीतून दिसत नाही. दोघांचंही रक्त लालच असतं.

दुसरं म्हणाल, हा म्हातारपणाचा आजार, पाश्चात्त्यांचा आजार. जगात २०२२ साली मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे ९ लाख माणसं गेली. भारतात त्या वर्षीचा अंदाज सुमारे ७० हजार नव्या रुग्णांचा. लोकसंख्येच्या मानाने आपल्याकडे प्रमाण पुष्कळ कमी आहे हे खरंच. पण रुग्ण कसे असतात ते बघा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी त्यांच्याकडच्या ८०० रुग्णांचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध केला. सरासरी वय ४७च्या आसपास. सर्वांत जास्त आढळलेली तक्रार शौचावाटे रक्त. आणि दहातल्या चार जणांची गाठ गुदाशयात, म्हणजे आतड्याच्या शेवटच्या वीतभर भागात. या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की माझं मागणं का आहे ते कळेल. बोट ७-८ सेंटीमीटरपर्यंत पोचतं. ज्या देशात गाठी इतक्या खाली असतात, तिथे एका हातमोज्याला दुर्बिणीपेक्षाही आधी मोल आहे. अमेरिकेत तक्रार नसलेल्यांचीही तपासणी पूर्वी पन्नाशीपासून करत. तरुणांमध्ये हा आजार वाढताना दिसला, तेव्हा २०२१ साली तिथल्या सरकारी तज्ज्ञगटाने ती ४५वर आणली. "तुमचं वय काय, तुम्हाला कसला कॅन्सर," हे वाक्य आम्ही दोन ठिकाणी ऐकलं. आम्हालाही ते ऐकायला बरं वाटलं, हे कबूल करते.

बीएएमएस झालेल्या डॉक्टरांना एक विनंती वेगळी करते, कारण मूळव्याधीचा रुग्ण सर्वांत आधी तुमच्याकडे येतो. तुमच्याच परंपरेत वाग्भटाने अर्शोयंत्र, म्हणजे मूळव्याध (अर्श) पाहायचं यंत्र, सांगितलं आहे : गाईच्या सडाच्या आकाराचं, चार अंगुळं लांब. आत पाहता यावं म्हणून त्याला छिद्र ठेवलेलं. त्या काळीही अर्श आत पाहूनच ठरवायचे होते. आज साधा प्रॉक्टोस्कोप, म्हणजे गुदद्वारातून आत पाहायची छोटी नळी, कोणत्याही सर्जिकलच्या दुकानात मिळतो. तो टेबलाजवळ ठेवा आणि वापरा.

बायकांबद्दल मला थोडं जास्त लिहायचं आहे. यांचं सगळं झाल्यानंतर शाळेतल्या आमच्या एक सेविका मावशी माझ्याशी मोकळं बोलू लागल्या. वय ५२, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. जिना चढताना धाप लागायची. हिमोग्लोबिन सहाच्या घरात. दोनदा रक्त चढवलं, लोहाची इंजेक्शनं झाली, प्रत्येक वेळी आठवडाभर तरतरी आणि पुन्हा तेच. "बायकांना रक्त कमीच असतं," असं त्यांना सांगितलं होतं. कुणीही विचारलं नाही की पाळी तर बंद आहे, मग रक्त जातंय कुठे? त्यांना शौचाला रक्त कधी दिसलंच नव्हतं. गाठ उजव्या बाजूच्या आतड्यात होती. तिथलं रक्त थेंबाथेंबाने जातं आणि शौचात मिसळून जातं, डोळ्यांना दिसत नाही. अशा गाठीला बोट पुरत नाही, दुर्बीणच लागते. म्हणून पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन लोहाच्या कमतरतेने उतरलं असेल, तर गोळ्या जरूर द्या, पण रक्त कुठून जातंय याचा शोध त्याच चिठ्ठीवर लिहा. आणि पाळी चालू असलेली बाई 'खालून रक्त जातं' म्हणाली, तर कुठून, हे न लाजता विचारा. ती स्वतःहून सांगणार नाही. सांगायला तिच्याकडे शब्दही नसतो. माझ्याकडे नव्हता.

सरकारकडे माझी मागणी मोठी नाही. तिशीनंतर सगळ्यांची तपासणी करण्याचा जो राष्ट्रीय कार्यक्रम चालतो, त्यात मधुमेह आणि रक्तदाबासोबत तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा असे तीन कॅन्सर आहेत. आपल्याकडे हे तीन जास्त आहेत, म्हणून ते आधी, हे मला पटतं. जपानमध्ये १९९२पासून आणि नेदरलँड्समध्ये २०१४पासून ठराविक वयाच्या सगळ्यांची शौचाची चाचणी होते. तसं आपल्याकडे लगेच सुरू करा असं मी म्हणणार नाही. दुर्बिणीचे डॉक्टर तालुक्याला नाहीत. चाचणीत रक्त निघालेल्या माणसाने पुढे जायचं कुठे? पण आमच्या आशाताईंनी घरी येऊन माझा फॉर्म भरला, तेव्हा तोंडातल्या व्रणाबद्दल विचारलं, स्तनातल्या गाठीबद्दल विचारलं. शौचातल्या रक्ताबद्दल आणि घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला होता का, याबद्दल काही विचारलं नाही. हे दोन प्रश्न वाढवायला यंत्र लागत नाही. तुमच्या संघटनांनी हे आरोग्य विभागाकडे मागितलं, तर त्याला वजन येईल. माझ्या एकटीच्या अर्जाला येणार नाही.

शौचातलं लपलेलं रक्त शोधायची चाचणी तुम्ही लिहिता तेव्हा लॅबमध्ये नेमकी कोणती करतात, तेही एकदा विचारा. जुन्या पद्धतीच्या चाचणीला मटणातलं रक्तही चालतं आणि काही भाज्यांनीही ती फसते. नव्या, 'फिट' म्हणतात त्या चाचणीत फक्त माणसाचं हिमोग्लोबिन धरलं जातं, त्यामुळे पथ्य लागत नाही. तीसुद्धा काही कॅन्सर सोडते आणि पॉलिप तर पुष्कळच सोडते. ज्याला त्रास नाही त्याला चाळायला ती चांगली आहे. ज्याला डोळ्यांनी रक्त दिसतंय, त्याला मात्र ती करून घरी पाठवू नका. आधी टेबलावर घ्या.

तुमची अडचण मला दिसते. तीस माणसं बाहेर बसलेली, पडदा अपुरा, रुग्ण लाजतो, तपासणीचे वेगळे पैसे कुणी देत नाही. आणि कुणी म्हणेल, डॉक्टरने साध्या तक्रारीला भलतंच केलं. तर त्यासाठी आम्ही रुग्णांनी बदलायला हवं, आणि मी माझ्या परीने ते करते आहे. पालकसभेत मी हा विषय काढला. पहिल्यांदा खाली माना गेल्या, मग तीन वडील सभा संपल्यावर थांबले. बचत गटात बोलले. दहावीच्या मुलांना पचनसंस्था शिकवताना आता मी गुदाशयापाशी घाईने पान उलटत नाही. तुमच्याकडे आलेल्या माणसाने स्वतःच म्हणावं, "डॉक्टर, आतून तपासा," इथपर्यंत आम्ही येऊ. पण येईपर्यंत सुरुवात तुम्हाला करावी लागेल. त्या डॉक्टरीणबाईंनी केली तशी : काय करणार ते आधी सांगायचं, किती वेळ लागेल ते सांगायचं, आणि नातेवाइकांना बाहेर थांबवायचं. यांना मी नंतर विचारलं की तुम्हाला लाज वाटली का. म्हणाले, "झोपेपर्यंत वाटली. नंतर वाटलं, कुणीतरी बघतंय एकदाचं."

आणखी एक. तपासून काहीच हाताला लागलं नाही, म्हणून औषध दिलंत, तर तारीखही द्या. तीन-चार आठवड्यांत रक्त थांबलं नाही, थांबून पुन्हा आलं, शौचाची सवय बदलली, वजन उतरलं, तर दुसरं मलम न लिहिता दुर्बिणीसाठी चिठ्ठी लिहा. आमच्या फायलीत मलमाच्या सात चिठ्ठ्या आहेत. चौथ्या चिठ्ठीच्या वेळी जरी कुणी मागची तीन पानं उलटली असती, तरी मला वाटतं, गोष्ट वेगळी झाली असती. किती वेगळी, हे मी यांच्या सर्जनना विचारलं नाही. यापुढेही विचारणार नाही.

लेक आता २० वर्षांची आहे. यांच्या गाठीच्या तुकड्यावर आनुवंशिक दोषाचा माग काढणारी तपासणी केली, त्यात लिंच सिंड्रोमची, म्हणजे आतड्याचा कॅन्सर घराण्यात उतरवणाऱ्या दोषाची, खूण निघाली नाही. तरीही तिची दुर्बीण ३६व्या वर्षी करायची आहे. मी ते तिच्या जन्मपत्रिकेच्या पाकिटावर बाहेरून लिहून ठेवलं आहे. मी असेन-नसेन, तिला सापडेल.

हे पत्र मी आधी आमच्या डॉक्टरांना वाचायला दिलं. शेवटचा रुग्ण गेल्यावर त्यांनी ते दवाखान्यातच वाचलं. बोट दहा सेंटीमीटरपर्यंत पोचतं असं मी लिहिलं होतं, ते त्यांनी पेन्सिलने खोडून सात-आठ केलं. त्यांच्या पहिल्या तपासणीचा परिच्छेद सौम्य करू का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "राहू द्या, तसंच झालं." आत आता पडदा छतापर्यंतचा आहे आणि टेबलाशेजारी ट्रेमध्ये प्रॉक्टोस्कोप ठेवलेला असतो. पत्रात एक वाक्य राहिलंय म्हणाले आणि स्वतःच्या हाताने समासात लिहून दिलं, ते जसंच्या तसं इथे उतरवते : "रुग्ण स्त्री असेल आणि दवाखान्यात बाई मदतनीस नसेल, तर तिच्या सोबत आलेल्या बाईला आत घ्या, तीही नसेल तर दुसऱ्या दिवशी कुणाला तरी घेऊन यायला सांगा आणि तिचं नाव वहीत लिहून ठेवा, म्हणजे ती आली नाही तर फोन करता येईल."

आपली,
एक विज्ञान शिक्षिका
जिल्हा सातारा